सर घोरत नाहीत

आमच्या घरातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती कुणीच बोलत नाही. माझे सासरे घोरतात. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "ही पाण्याची मोटर कुणाची रे?" तो पांघरुणाच्या आतून म्हणाला, "शेजाऱ्यांची." शेजाऱ्यांकडे मोटर नाही हे कळायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवसापासून मीही मूग गिळून बसायला शिकले.

सासरे गणिताचे मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण मास्तरकी काही सुटली नाही. वर्गात डुलक्या काढणाऱ्या पोरांवर त्यांनी आयुष्यभर खडू फेकले आणि त्यांचा नेम चुकलेला कुणाला आठवत नाही. घोरणं ही बेशिस्त आहे, असं त्यांचं ठाम मत. आणि ते स्वतः बेशिस्त नाहीत हे तर जगाला ठाऊक आहे. तेव्हा ते घोरत नाहीत. विषय संपला.

माझ्या नोकरीमुळे हा विषय मला संपवता येत नव्हता. मी रुग्णालयात दुर्बीण विभागात नर्स आहे. पेशंटला गुंगीचं औषध द्यायचं, पोटात नळी घालायची आणि आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं, हे आमच्याकडे दिवसभर चालतं. डॉक्टर आतडं बघतात, मी श्वास बघते. सोळा वर्षं मी हेच करतेय. लोक विचारतात, "त्यात काय बघायचं? माणूस श्वास घेतोच की." घेतो, कबूल. पण गुंगीत जीभ मागे पडते, घसा मिटतो, पोट वरखाली होत राहतं आणि हवा मात्र आत जात नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय गाढ झोपलाय बिचारा!

आमच्याकडे यासाठी दोन साधनं आहेत. एक बोटाला लावायचा चिमटा. रक्तात प्राणवायू किती, ते तो सांगतो. माणूस चांगला, पण त्याची खबर शिळी. नाकाला प्राणवायूची नळी लावलेली असली की श्वास थांबून मिनिट झालं तरी हा आपला "नव्व्याण्णव, नव्व्याण्णव" म्हणत बसतो. दुसरं साधन म्हणजे नाकाशी लावायची एक बारीक नळी आणि तिला जोडलेलं यंत्र. माणसानं श्वास सोडला की पडद्यावर एक डोंगर उमटतो. पुन्हा सोडला, पुन्हा डोंगर. श्वास थांबला की तिथल्या तिथे सपाट रेघ आणि कानठळ्या बसवणारा भोंगा. आम्ही त्याला डोंगरयंत्रच म्हणतो.

त्याची खोड एकच. नळी जरा सरकली, पेशंटनं तोंडानं श्वास घेतला, तरी ते बोंब मारतं. त्यामुळे त्याचा आवाज बंद करण्याची सगळ्यांना सवय लागलेली. यात आमच्या टेक्निशियनताईंचा हात कुणी धरणार नाही. भोंगा पहिल्यांदा 'प' म्हणतो, तेवढ्यात यांचं बोट बटणावर. म्हणून त्यांचं नाव पडलंय गप्पताई.

आणि खोल्या दोन असल्या तरी हे यंत्र आमच्याकडे एकच. मग ते कुणाला लावायचं? विभागाचा नियम आहे. तपासणीआधी फॉर्म भरतात, त्यात सातवा प्रश्न: घोरता का? 'हो' म्हणणाऱ्याला डोंगरयंत्र. 'नाही' म्हणणाऱ्याला चिमटा आणि नर्सचे डोळे. दुसरा नियम असा की पेशंट नात्यातला असेल, तर त्याच्या श्वासावर आपण बसायचं नाही. हात कापतात म्हणे. दाराशी पिवळा पट्टा आखलाय, त्याच्या बाहेर थांबायचं.

आता सांगा, अशा विभागात एका सकाळी साडेनऊला माझे सासरे मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यायला आले, तर माझं काय व्हावं?

फॉर्म मीच भरत होते. औषधाची ॲलर्जी, नाही. कवळी, नाही. रक्तदाब, थोडा.

"घोरता का?" मी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"बाबा."

"नाही म्हटलं ना. पुढचा प्रश्न."

"बाबा, हे घर नाही. इथे खरं सांगायचं असतं. तुम्ही 'हो' म्हणालात तर एक जास्तीचं यंत्र लावतात, एवढंच."

"म्हणजे यंत्रासाठी मी खोटं बोलू?"

तेवढ्यात डॉक्टर आले. हे डॉक्टर बाबांचे विद्यार्थी. शाळेत सात वर्षं मागे बसायचे, म्हणून बाबा त्यांना अजून 'शेवटचा बाक' म्हणतात. एरवी हा माणूस विभागात असा फिरतो की वॉर्डबॉय भिंतीला चिकटतात. पण बाबा दिसले आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

"सर! कसे आहात सर?"

"डॉक्टर, सर घोरतात," मी म्हणाले. "यंत्र लावायला हवं."

"शेवटचा बाक," बाबा शांतपणे म्हणाले, "तू मला कधी घोरताना ऐकलंयस?"

"नाही सर. तुम्हीच मला ऐकलंय."

"मग लिही."

आणि त्या गृहस्थानं माझ्या हातातून पेन घेऊन 'नाही'वर खूण केली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी एक वाट उरली होती. फॉर्मच्या खाली एक ओळ आहे: सोबत झोपणाऱ्या व्यक्तीचं म्हणणं. तिथे खूण पडली की पेशंटचं काही चालत नाही. मी सासूबाईंकडे वळले. त्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"आई, तुम्हीच सांगा आता. बेचाळीस वर्षं तुम्ही शेजारी झोपताय. घोरतात की नाही?"

आईंनी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते, पण कान इकडेच. आईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "नाही घोरत."

माझी सासू. देवानं जिला दोन धडधाकट कान दिलेत, ती. मी फॉर्म मिटला आणि तिथून उठले, कारण बसले असते तर काहीतरी बोलून गेले असते.

पण मीही या खात्यात सोळा वर्षं फुकट नाही घालवलेली. यंत्र बाजूच्या खोलीत होतं आणि तिथला 'हो'वाला पेशंट दुपारी दोनला होता. तोवर ते मोकळंच. मी चाकं ढकलत ते घेऊन आले आणि बाबांच्या उशाशी उभं केलं.

"हे काय?" बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आलेख काढतं, बाबा. क्ष-अक्षावर काळ, य-अक्षावर तुमची हवा. सगळ्यांना नाही लावत, लोकांना कळत नाही. म्हटलं, आज बघणारा माणूस आलाय."

बाबांचा चेहरा खुलला. "प्रमाण काय घेतलंय?"

"ते तुम्हीच बघून सांगा."

त्यांनी स्वतःच्या हातानं नाकाशी नळी लावून घेतली. चार श्वास सोडले, चार डोंगर आले. "उतार जरा तीव्र आहे," ते म्हणाले आणि समाधानानं डाव्या कुशीवर वळले. शेवटचा बाक त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. सरांची पाठ बघत उभं राहण्याचा त्याला सात वर्षांचा सराव होताच.

इथे माझा हक्क संपला. गप्पताई माझ्या जागेवर बसल्या आणि मी पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, दाराच्या काचेशी उभी राहिले. आई माझ्या मागोमाग आल्या. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनी टाचा उंच करून आत पाहिलं.

औषध गेलं. बाबांनी "मला तर काहीच..." एवढं वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि गुंगीत गेले. पडद्यावर डोंगर येत होते, आधी ठेंगणे, मग लांब लांब. नळी आत गेली. डॉक्टरांची मान त्यांच्या पडद्याकडे. सगळं ठीक चाललं होतं. दहा मिनिटं झाली असतील. बाबा हलायला लागले म्हणून डॉक्टरांनी आणखी थोडं औषध द्यायला सांगितलं, गप्पताईंनी दिलं.

"थांबला," आई म्हणाल्या.

"काय थांबलं?"

"अंगठा बघ."

चादरीतून बाबांचं एक पाऊल बाहेर आलं होतं. त्याचा अंगठा ताठ वर उभा राहिलेला.

"श्वास अडकला की त्यांचा अंगठा असा होतो. दोन, तीन, चार..."

मी पडद्याकडे पाहिलं. सपाट रेघ. लाल दिवा लुकलुकत होता आणि गप्पताईंचं बोट बटणावरून परत येत होतं. मी काचेवर टकटक केली. गप्पताईंनी ओठांनी सांगितलं, "नळी सरकलीय." मी पुन्हा टकटक केली. डॉक्टरांनी वैतागून वर पाहिलं, चिमट्याच्या आकड्याकडे बोट दाखवलं आणि अंगठा उंचावला. नव्व्याण्णव. पोट हलत होतं. पेशंट गाढ झोपलेला. सगळं छान.

"अकरा, बारा..."

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी हलले नाही. मला ठाऊक होतं ती रेघ म्हणजे काय, आणि हेही ठाऊक होतं की दहापैकी नऊ वेळा नळीच सरकलेली असते. सकाळीच एकदा पचका झाला होता. त्यात पायापुढे तो पिवळा पट्टा. मी मनात म्हटलं, आणखी दोन सेकंद बघू. हेच दोन सेकंद बघू नका, असं दरवर्षी नव्या मुलींना शिकवते मी.

"अठरा. रोज इथे घेतात," आई म्हणाल्या. "घेतला नाही. एकोणीस, वीस..."

"आई..."

"बावीस," आई म्हणाल्या, आणि दार ढकलून आत गेल्या.

पट्टा ओलांडला, पर्स काखेत, पायात चपला. गप्पताई "अहो बाई, अहो बाई" म्हणेपर्यंत त्या उशाशी पोचल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं बाबांच्या हनुवटीखाली घालून त्यांनी जबडा वर उचलला आणि उजव्या हाताचं कोपर बरगडीत असं हाणलं की टेबल हललं.

"अहो! श्वास!"

आणि मग बाबांनी श्वास घेतला. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. मोटर काय, अख्खा पंप सुरू झाला. बाहेर बाकावरचे पेशंट उभे राहिले म्हणे. शेवटचा बाक दचकून एक पाऊल मागे आला, पण नळी सोडली नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन. पडद्यावर एक भलामोठा डोंगर उठला, त्यामागे दुसरा. आणि आता, सगळं आटोपल्यावर, आमच्या चिमटेरावांना खबर लागली. नव्व्याण्णवचे त्र्याण्णव झाले, एक्क्याण्णव झाले, आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडायला लागले. त्यांना गप्प करायला मात्र गप्पताईंचं बोट उचललं गेलं नाही.

तोवर मीही आत पोचले होते. प्राणवायू वाढवला. आकडा सावकाश चढला. आई जबडा सोडायला तयार नव्हत्या.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "संपेपर्यंत तुम्ही इथेच उभ्या राहता का?"

"मग जाते कुठे?" आई म्हणाल्या.

सोळा वर्षं अनुभव असलेल्या सुनेला बंदी, आणि चपला घालून आलेल्या बायकोला विनंती. पण बोलायला तोंड होतं कुठे मला?

तासाभरानं बाबा गुंगी उतरेपर्यंत ठेवतात त्या खोलीत, पडद्यामागच्या पलंगावर जागे झाले. आई शेजारी खुर्चीत होत्या.

"निकाल?" बाबांनी विचारलं.

"आतडं स्वच्छ आहे सर," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी हात पाठीमागे नेले, पुन्हा पुढे आणले. "पण सर, तुमचा श्वास झोपेत थांबतो. आज थांबला, औषधामुळे जास्त थांबला. पण रोजही थांबत असणार. झोपेची एक तपासणी करावी लागेल. मग रात्री हवा देणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावून झोपायचं. नाही केलं, तर एखाद्या रात्री... सर, घोरता म्हणून लिहू का?"

डॉक्टरांना नुसतं लिहिता आलं असतं, म्हणा. पण तो मुखवटा रोज रात्री माणसानं आपल्या हातानं लावायचा असतो. मनातून मानलं नाही तर तो आठवड्यात कपाटावर जाऊन बसतो, असे किती पाहिलेत मी.

"चिमटा किती म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"नव्व्याण्णव, पण..."

"नव्व्याण्णववाल्याला नापास करायला निघालास?" बाबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. औषधाचा अंमल पुरता उतरला नव्हता. श्वास संथ झाला. डॉक्टर माझ्याकडे बघून खांदे पाडून निघून गेले.

मी आईंच्या पुढ्यात स्टूल ओढलं. राग आता कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

"बावीस कुठून आणलेत?"

"काय?"

"अठराला घेतात, बावीसला ढोसायचं. हे कुणी शिकवलं तुम्हाला? आमच्या पुस्तकातसुद्धा इतकं नेमकं नाही."

आईंनी बाबांकडे पाहिलं. ते झोपलेले. मग त्या हळू आवाजात बोलल्या.

"शिकवतंय कोण? लग्नानंतर महिन्याभरातच एकदा थांबला तो थांबलाच. मी घाबरून ढोसलं. मग मोजायलाच लागले."

"रोज?"

"रोज रात्री आठ-दहा वेळा होतं. हल्ली जास्त."

"आणि झोपता कधी तुम्ही?"

"झोपते की मधेमधे. कान जागा ठेवून."

"मग सकाळी एक शब्द का नाही बोललात? मी विचारलं होतं ना!"

"एकदा बोलले होते," आई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी. तुम्ही घोरता, म्हटलं. तर आठ दिवस हा माणूस खुर्चीत बसून राहिला, झोपायलाच तयार नाही. लालबुंद डोळ्यांनी शाळेत जायचा. एक दिवस फळ्यावर गणित चुकलं आणि पोरं हसली. घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हटलं, दोघांनी जागण्यापेक्षा एकानं जागलेलं बरं. सांगितलं त्यांना, माझाच काहीतरी भास झाला." त्यांनी बाबांची चादर सारखी केली. "आज तू होतीस ना इथे. म्हटलं, ही आहे, ही बघेल."

मी बघेन म्हणून त्या निर्धास्त होत्या. आणि मी काचेबाहेर दोन सेकंद मोजत होते. मला रडू आलं आणि मी ते नाक शिंकरून घालवलं. घरी दुपारी आई वर्तमानपत्र हातात घेऊन पेंगत असत, तेव्हा मी नवऱ्याला काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं.

"आई," मी म्हणाले, "मला..."

त्यांची मान एका बाजूला कलली होती. पर्स मांडीवरून घसरत होती. माणूस पलंगावर, नाकाशी नळी, शेजारी चालू यंत्र आणि राखणीला नर्स. इतका पक्का बंदोबस्त त्यांना बेचाळीस वर्षांत मिळाला नसावा. बोलता बोलता त्या झोपून गेल्या होत्या.

"सूनबाई," पलंगावरून आवाज आला.

बाबांचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कुणास ठाऊक. चष्मा नव्हता, त्यामुळे ते मास्तर दिसत नव्हते, नुसतेच म्हातारे दिसत होते.

"ती झोपली?"

"हो."

"मान अवघडेल तिची. मला उतरव."

"बाबा, तुम्हाला अजून अर्धा तास उठायचं नाही."

"उतरव म्हटलं ना!" ते दबक्या आवाजात ओरडले. एवढ्या हळू ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांना उतरवून खुर्चीत बसवलं आणि आईंना धरून पलंगावर आडवं केलं. त्या "किती झाले?" असं काहीतरी पुटपुटल्या आणि कुशीवर वळल्या. बाबा पाठीमागून उघड्या असलेल्या रुग्णालयाच्या झग्यात, उघड्या गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मग मला म्हणाले, "फॉर्म आण."

सातव्या प्रश्नावरची खूण त्यांनी खोडली. शेजारी आपल्या वळणदार अक्षरात 'हो' लिहिलं. खाली 'सोबत झोपणाऱ्या व्यक्तीचं म्हणणं' या ओळीपाशी त्यांचं पेन थबकलं. तिथे त्यांनी काहीच लिहिलं नाही, फॉर्म मला परत दिला.

एवढ्यात पडदा सरकवून आमच्या मेट्रन आल्या. बाहेर दोन पेशंट पलंगासाठी खोळंबलेले, त्यांचा पारा चढलेला. पलंगावर साडी नेसलेली बाई, खुर्चीत झग्यातला पुरुष. त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

"हा काय गोंधळ आहे? पेशंट कोण यातला?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मीच पेशंट," ते कुजबुजले. "पण तिला उठवू नका. रात्रपाळी करून आलीय."